काकांच्या अंगणातले दोन लाख

३ मार्च, सोमवार
मायक्रोमीटर! मोजणी कचेरीत अकरा वर्षं काढली, पण हा प्राणी आज पहिल्यांदा भेटला. जुन्या नकाशांवरची मापं साखळ्या आणि कड्यांत आहेत — कडी साधारण वीतभर, शंभर कड्यांची एक साखळी. ती सगळी आता कॉम्प्युटरवर चढवायची. आणि नव्या फॉर्ममध्ये कुणीतरी मीटरच्या जागी मायक्रोमीटर टाकून ठेवलाय. मिलिमीटरचे हजार तुकडे करा, त्यातला एक! साहेबांना म्हटलं, हे चुकलंय.

"चुकलंय हो. पण दुरुस्तीला समिती बसवावी लागेल. तोवर भरा तुम्ही."

एक साखळी म्हणजे २,०१,१६,८००. भरते बापडी.

५ मार्च, बुधवार
लोक मात्र खूश! चार साखळ्यांच्या बांधाचा मालक आला होता. कागद बघून त्याची छाती फुगली. "आठ कोटी? आमचे आजोबा कधी बोलले नाहीत!" कागदाची घडीसुद्धा घातली नाही, दोन हातांत धरून नेला.

८ मार्च, शनिवार
आज मीच माती खाल्ली.

बाबा आणि काका दोघेही आमच्याच कचेरीत जमीन मोजायची साखळी ओढायचे. बाबा पुढच्या टोकाला, काका मागच्या. घरं शेजारी-शेजारी, जागा सारख्याच, एकेक साखळी रुंद. बावीस वर्षांपूर्वी एका रविवारी बाबांनी कचेरीची साखळी आणून काकांचं अंगण मोजलं. एक साखळी, वर एक कडी भरलं. "माझी कडी खाल्ली! चोर!" तेव्हापासून अबोला. आता दोघेही निवृत्त, आणि काका महिनाअखेरीला घर विकून मुलीकडे चाललेत. कायमचे. जाण्याआधी दोघं एकदा तरी बोलावेत, एवढंच मला हवंय. मला काका आवडतात. बाबाही आवडतात, काय करू!

म्हणून जेवताना गोडीगुलाबीनं म्हटलं, "बाबा, एक कडी ती काय! मायक्रोमीटरमध्ये मोजायची गोष्ट."

"किती होतात?"

आणि मी शहाणी, सांगून बसले. दोन लाख एक हजार एकशे अडुसष्ट.

बाबांचा घास हातातच राहिला. "दोन लाख! आणि मी आजवर एकच समजत होतो!"

आईनं कपाळावर हात मारला. "तुला कुणी विचारलं होतं गं?"

९ मार्च, रविवार
बाबा सकाळपासून कुंपणाशी. मोठ्यानं, झाडाला सांगितल्यासारखं — "दोन लाख!" पलीकडे काकांनी रेडिओ मोठा केला.

१४ मार्च, शुक्रवार
बाबा घरविक्रीवर हरकत घेणार! अर्ज तयार. 'दोन लाख'खाली दोन रेघा. "सोमवारी तूच नेऊन दे." आगीत तेल मी ओतलं, आता काडीही मीच लावू?

१७ मार्च, सोमवार
अर्ज पर्समध्येच. विसरले म्हणून सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार
परत विसरले.

१९ मार्च, बुधवार
साहेबांना आज अचूकतेचा झटका आला. "आठ-आठ आकडे भरतोय आपण, पण मूळ साखळी तरी बरोबर आहे का?" हे त्यांना चारशे नोंदी झाल्यावर सुचलं!

कपाटातून जुनी साखळी काढली. बाबा-काकांचीच. व्हरांड्यात पसरली, शेजारी स्टीलचा टेप लावला. तोकडी! दर दहा कड्यांनंतर पितळेचा बिल्ला असतो, म्हणून मी गुडघ्यांवर बसून बिल्ल्याबिल्ल्यांमधल्या कड्या मोजत गेले. दहा, दहा, दहा, नऊ. परत मोजल्या. नऊच! मधली एक कडी काढून पुढची-मागची सफाईनं जोडलेली.

साहेब मटकन बाकावर बसले. मी मात्र व्हरांड्यातच उडी मारली. नव्व्याण्णव कड्यांची साखळी शंभराची म्हणून फिरत होती! तिच्यानं मोजलं तर शंभर कड्यांचं अंगण एक साखळी एक कडीच भरणार. काकांनी काहीच खाल्लं नव्हतं!

२० मार्च, गुरुवार
बाबांना सांगितलं. आधी ओरडले — साखळीवर, साहेबांवर, टेपवर, माझ्यावर.

"बाबा, तेव्हा आपलं अंगण मोजलं होतंत का?"

"आपलं कशाला मोजायचं? आपलं बरोबरच असतं!"

हे बोलले आणि उठून कुंपणाशी गेले. चहा तसाच निवला.

२२ मार्च, शनिवार
बाबा कचेरीत आले. इस्त्रीचा शर्ट घालून! चष्मा पुसून स्वतः कड्या मोजल्या. तीनदा. मग त्या जोडावरून किती तरी वेळ अंगठा फिरवत राहिले. "हा हात मी ओळखतो," एवढंच म्हणाले. घरी येऊन अर्ज मागितला आणि फाडला. मी किती मायक्रोमीटरचे तुकडे झाले ते मोजलं नाही!

२३ मार्च, रविवार
बाबा काकांच्या दारात गेले. मी मागे.

काका म्हणाले, "साखळी रस्त्यात टाकून तू चहाला गेला होतास, दादा. वरून ट्रक गेला. चेचलेली कडी मी काढली, तुला कळू न देता."

"मग मी चोर म्हणालो, तेव्हा तोंडाला कुलूप का घातलंस?"

"तुझी नोकरी गेली असती."