शाळेच्या व्हरांड्यातली बोडी

प्रिय प्रतिक्षा,

फोन केला की तू 'हो ताई' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र. नागपूरला चित्रकला शिकलेली माझी बहीण रंगांची पेटी शेजारच्या टीनाला देऊन मोकळी झाली, आता कधीच चित्र काढणार नाही म्हणते, हे आईकडून कळलं. फार वाईट वाटलं गं. आणि खरं सांगू, रागही आला.

इकडे मोहाडीला माझ्या गळ्यात नवंच लोढणं पडलंय. सातवीच्या पोरींना मोबाइलवर पाहून जमिनीवर खोल दिसणारी चित्रं काढायची हौस आली, आणि शाळेत चित्रकलेचा शिक्षक नाही. मी गणिताची बाई. मी गाय काढली तर लोक बकरी म्हणतात. तरी हो म्हणून बसले. पोरींनी ठरवलं, बोडी काढायची. शेतात असते तशी लहानशी तळी, कडेनं मातीचा पार, खाली खोल पाणी, आणि तीही स्वयंपाकखोलीच्या दारासमोर, व्हरांड्याच्या फरशीवर!

पहिली बोडी वाळत घातलेल्या लुगड्यासारखी चपटी झाली. मग कळलं, असं चित्र एकाच जागेवरून खरं दिसतं. आम्ही दाराचा उंबरठा धरला. एकीनं तिथं उभं राहून एक डोळा मिटायचा आणि बाकीच्यांना रेघा कुठं ओढायच्या ते सांगायचं. दोन्ही डोळे उघडे असले की ते फरशी सपाट असल्याची चुगली करतात. रुपाला उभी केली, तर तिचा मिटलेला डोळा घडीघडी उघडायचा आणि बोडीचा पार वाकडा निघायचा. कसंबसं जमलं. दुपारी खिचडीचा गंज, ते भलंमोठं पातेलं घेऊन, वाफेनं एक डोळा मिटून स्वयंपाकीण सत्यभामाबाई उंबरठ्यावर आल्या आणि थबकल्याच. "अवं माय, हे कोनं खोदलं? आता मी जाऊ कुठून?" पोरी हसून लोळल्या. मला मात्र तू आठवलीस.

गेल्या मळणीत धानाचं कुसळ गेलं आणि तुझ्या एका डोळ्यात फूल पडून तो गेला. तेव्हापासून तू चहा कपाबाहेर ओततेस, पायरी चुकतेस. "ताई, मले सारं सपाट दिसून राह्यलं, मी काय चित्र काढू?" असं तू विचारलंस तेव्हा मी नुसती रडले होते. आज उत्तर सापडलंय, म्हणून हे लिहायला बसले. स्नेहसंमेलनासाठी पोरींना अख्ख्या पटांगणावर गावतलाव काढायचाय, आणि सकाळभर एक डोळा मिटून उभं राहणं आमच्यातल्या कुणाला जमत नाही. दया येऊन बोलावतेय असं समजू नकोस. तेवढी चांगली बहीण मी कधीच नव्हते. तू ये, उभी राहा आणि सांग, रेघा आम्ही ओढू. आम्हा दोन डोळेवाल्यांना नुसती जमीनच दिसते गं.

तुझीच,
सत्यवतीताई