बारीक भुट्ट्याची मका

॥ जय सेवालाल ॥
फुलसावंगी तांडा
२ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षास बाचे अ. आ.

तुह्या प्रयोगाची जास्त तेलाची मका तोडली. चार पोती तुह्या भावासंगं, सुनीलसंगं धाडून राह्यलो. हातभर भुट्टे हायेत! तेल वाढलं का पीक घटते म्हणणाऱ्या तुह्या सराले म्हणा, आमच्या वावरात या. तुही माय, याडी, खुशाल. बापावर माया राहू दे.

तुहा बा, धावजी


कृषी महाविद्यालय, मुलींचं वसतिगृह
१४ नोव्हेंबर २०२५

ती. बा यांस वर्षाचा शि. सा. न.

फोनवर तुमी आवाज चढवता अन् मी रडते, म्हणून लिहून राह्यले. पोत्यातले भुट्टे कोणाचे होते? वजन भरपूर भरलं, सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी देल्ली. मंग दाणे मशीनीत तपासले, तं तेल साध्या मक्याएवढंच! सर म्हणाले, वजनासाठी पोरीनं कणसं बदलली. लाजेनं मेल्यासारखं झालं, बा. यंदाचं काम बाद. पुन्हा पेरू द्यायचं का मले काढूनच टाकायचं, हे महिनाअखेर ठरणार हाये.

तेल वाढलं तं पीक किती घटते, हेच तं मले मोजायचं होतं! कमी भरलं असतं तं कमी लिहिलं असतं. घरच्याच मानसानं केसानं गळा कापला. काहून केलं असं? याडीले नमस्कार. तुमाले काय लिहू, सुचत नाही.

वर्षा


फुलसावंगी तांडा
२० नोव्हेंबर २०२५

चि. वर्षास अ. आ.

तुही चिठ्ठी वाचल्यापासून याडी माह्यासंगं बोलत नाही. गळा कापला म्हणतं बापाले? होय, मीच बदलले! पारावर सारे हासून राह्यले होते. धरमसिंग म्हणे, शिकल्या पोरीचा भुट्टा मुठीत मावते. डोकं फिरलं माहं. आपल्या वावरातल्या साध्या मक्याचे मोठाले भुट्टे भरले पोत्यात. अन् कमी पिकलं तरी चालते, हे तुनं कायले नाही सांगतलं? 'नीट पिकवा' एवढंच बोलून गेलती!

माफी मागत नाही. तुहे खरे भुट्टे याडीनं झाकून ठेवले, बकरीले एकही देल्ला नाही. ते धाडून राह्यलो. संगं सराच्या नावानं कागद हाये. त्यात लिहिलं, पोरीनं नाही, मी बदलले. पोरीची मका आमच्यापेक्षा कमीच पिकली. काल तांड्याच्या नायकाच्या दारात साऱ्यायसमोर मोठ्यानं वाचला. धरमसिंग पुन्हा हासला. कागदावर नायकाच्या सहीखाली साक्षीले त्याचीबी सही घेतली.

रागात असली तरी पेरणीले ये.

तुहा बा