नाव अकरा जागी

४ फेब्रुवारी १९८९
अकरा वेळा! एका करारनाम्यात माणसाचं नाव अकरा जागी! अन् असे ऐंशी इंग्रजी करारनामे — बेसा गावातल्या प्लॉटवाल्या सोसायटीचे. वीस तारखेच्या आत पाहिजेत. माझा मुकुंद एकेक नाव ठोकून राहिला. दिवसाले चार होतात. मग टाइपरायटर विकून कम्प्युटर घेतला काहून?

हे गेल्यापासून टायपिंगचं दुकान मीच चालवते, पण जागा दिराच्या नावावर. आज केशवभाऊजी दारातूनच बोलले, "वहिनी, वीसले काम नाही गेलं तं दुकान खाली करा. तिसरी शिकलेल्या बाईनं कम्प्युटरच्या नादी लागू नाही."
"अन् गेलं तं?"
"तं जागा लिहून देतो!" — हसले. चहावाल्या गिरिधरनं ऐकलं. बरं झालं, साक्षीदार भेटला.

५ फेब्रुवारी
चारच.

७ फेब्रुवारी
शेजारच्या प्रेमिलाच्या पोरीची हळद. गाणं मीच धरते. नवरीचं नाव आधी एकदा विचारून घेते, मग जिथं जिथं जागा येते तिथं ते नाव घालते. गाणं तेच, नाव लग्नागणिक वेगळं. गाता गाताच डोक्यात आलं! पिवळ्या हातानंच दुकानात गेली. मुकुंदले म्हटलं, मशीनले नाव एकदाच सांग, बाकी जागी नुसती खूण ठेव.
"आई, मशीन काय हळदीले बसली?"
"दात नको काढू. मशीनसंगं आलेलं ते जाडं पुस्तक उघड आधी!"

९ फेब्रुवारी
सापडलं! पुस्तकातच होतं!! मुकुंदनं देवाजी हटवारचा तयार करारनामा घेतला, नाव खोडून खुणा टाकल्या. आता मशीन एकदाच नाव विचारते अन् सगळीकडे आपणच बसवते. आधी ठोकलेलेही यातूनच पुन्हा काढू, सगळे एकसारखे दिसतील. पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला. पाह्य म्हटलं!

१४ फेब्रुवारी
ऐंशी झाले! सहा दिवस आधी! केशवभाऊजी बी.ए. आहेत. चार-सहा चाळले, "ठीक आहे" म्हणाले. तोंड कडू.

१५ फेब्रुवारी
गठ्ठा बांधता बांधता हात थांबला. मले इंग्रजी येत नाही, पण तांदळातला खडा दिसते. बाकी सगळीकडे नाव माणसागणिक बदलते — शेवटच्या पानावर मात्र ऐंशीच्या ऐंशी कागदांत एकच नाव!
"हे काय हो मुकुंदराव?"
त्याचं तोंड उतरलं. ताबा कोणाले द्यायचा त्या ओळीतली खूण राहूनच गेली, जुनं नाव तसंच! सगळ्यांचे पैसे, अन् ऐंशी प्लॉटांचा ताबा एकट्या देवाजी हटवारले! भाऊजींच्या नजरेखालून गेलेलं हे, बरं का.
रडत बसला होता, उठवलं. एक खूण टाकली, ऐंशी शेवटची पानं पुन्हा काढली. दुपारपर्यंत खलास.

२० फेब्रुवारी
दिले. सोसायटीवाले म्हणाले, "एक खाडाखोड नाही, बाई!" पुढचे दोनशेही आपल्यालेच.

२२ फेब्रुवारी
भाऊजी आले. गिरिधर समोर होता, पलटता आलं नाही. म्हणे, "टाइप करा कागद. जागा मुकुंदच्या नावानं करून देतो." मुकुंद लगेच खुर्ची ओढून बसला, नावाच्या जागी खुणा टाकून कागद तयार केला. मशीननं नाव विचारलं.
उठवलं त्याले. म्हटलं, माझं नाव इंग्रजीत या चिठ्ठीवर लिहून दे. मग एकेक अक्षर पाहून, एका बोटानं, मीच ठोकलं — प्रयागबाई वामनराव ठवकर.
सात जागी उमटलं. भाऊजींनी सातही जागी वाचलं. सही केली.