एवान्थियाची मेणबत्ती

डॉक्टरबाबा,

हे पत्र मी टाकणार नाही. आई म्हणते, आपला देश बळकावणाऱ्या जर्मनांचा मंत्री झालेल्या माणसाशी आपलं नातं संपलं.

पण बाप्तिस्म्याला मला हातात तुम्हीच धरलेलं ना? मलेरियात उशाशी तुम्हीच बसायचात, दर ईस्टरला धर्मपित्याने द्यायची मेणबत्तीही तुम्हीच आणायचात. यंदा ती आली तुमच्या नव्या धर्मकन्येला, गिरणीवाल्याच्या एवान्थियाला. निळी रिबीन लावलेली, वर नवे बूट! मला इतकी जळजळ झाली!

आई म्हणाली, "बरं झालं. इथे आली असती तर चुलीत घातली असती."

संचारबंदीमुळे चर्चमध्ये मध्यरात्रीची ज्योत दुपारीच वाटली. एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याने पेटवायची, नाही म्हणायचं नसतं. पण एवान्थियाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली. मासेवाली कल्योपी म्हणाली, "मंत्र्याची ना ती? मग जा की, त्याच्याकडूनच पेटव!"

मला आधी बरंच वाटलं. मग ती रडत माझ्यासमोर आली. मी तिची मेणबत्ती हातात घेतली आणि माझ्या साध्या मेणबत्तीवरून पेटवून दिली.

कीव आली म्हणून नाही. तुम्ही दिलेली मेणबत्ती जरा वेळ माझ्या हातात राहावी म्हणून.

तुमची पहिली,
स्मारो