आबा, ती डाळिंबाची लाली नव्हती

प्रिय आबा,

सोमवारी मी दादाच्या कानाखाली जाळ काढला. थोरल्या भावावर हात उचलला, तोही शेळगावच्या बागेत, तोडणीच्या बायकांसमोर! वहिनी रोज तुमच्या फोटोशी बोलते, ती तिखटमीठ लावून सांगेल. त्याआधी माझ्याकडून ऐका, म्हणून लिहितेय.

वहिनीचा फोन आला की दादाला संडासला रक्त पडतंय. मी कऱ्हाटीहून तशीच निघाले. बघते तर हा क्रेटवर बसून तडकलेलं डाळिंब खातोय! विचारलं, तर म्हणतो, "काय न्हाय गं. डाळिंबाची लाली हाय ती."

आबा, हे वाक्य माझं होतं. तुम्हालाही रक्त पडतंय हे तुम्ही लाजत लाजत मला सांगितलंत, तेव्हा मीच हसून म्हणाले होते, तडकलेली फळं विकली जात नाहीत म्हणून सगळी तुम्हीच संपवता, लाली दिसणारच. त्या हसण्यासाठी स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं. सोमवारी समोर दादाचं आलं.

त्यानंही सोडलं नाही. केस धरून ढकललं, माझा ओठ फुटला, क्रेट उलटले. बायका मध्ये पडल्या. "मार मला!" मी ओरडले. "जीव घे माझा, पण आधी गाडीत बस!"

बसला, आणि म्हणतो कसा, "इंदापूरला आबांच्याच डॉक्टरकडं जाऊ." तो मूळव्याधवाला! आठ महिने तुम्हाला पुड्या दिल्या त्यानं. एकदा तरी झोपवून तपासलं का हो? आणि तुम्ही तरी! दरवर्षी मातीचा नमुना, पानांचा नमुना तपासायला पाठवणारा माणूस, स्वतःला दाखवायची एवढी लाज? मला अजून तुमचा राग येतो.

मी गाडी बारामतीकडे वळवली. तुम्हाला फार उशिरा जिथं नेलं, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी हातमोजा घालून तपासलं आणि विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का?" मी तुमचं नाव सांगितलं.

बुधवारी दुर्बिणीतून तपासणी झाली. आतड्यात एक छोटी गाठ निघाली, ती तिथंच काढली. आज रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण तशीच राहिली असती तर पुढे होऊ शकला असता. बाईंच्या टेबलावर डोकं टेकून मी ढसाढसा रडले.

बाई म्हणाल्या, "आणि ताई, तुमची तपासणी?"

"मला काय झालंय?" मी फाडकन बोलले.

दादानं माझं मनगट धरलं. "काय व्हायची वाट बगतीस? तू आबांची लेक न्हाईस व्हय?"

एवढी मारामारी करणारी मी, पण घाबरले, आबा. मंगळवारची वेळ घेतलीय. दादा सोबत येतोय.

रागावू नका, पण आज एक वचन देते. तुमच्या भेटीला मी लवकर येणार नाही.

तुमची भांडखोर लेक,
सुमन