परडीचं मोकळं टोक

बुधवार, वैशाख. कोथरूड.

हॉलमधला दिवा अजून लावलेला नाही. स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

दुपारी मुलाचा, निखिलचा, अ‍ॅरिझोनाहून फोन आला. दिवाळीत त्याच्याकडे गेलो तेव्हा आणलेली परडी जिने विणली, ती तिथल्या होपी आदिवासी जमातीची म्हातारी गेल्या महिन्यात गेली म्हणाला.

परडी हॉलमध्ये दिव्याच्या बटणाशेजारी टांगली आहे. ताटलीसारखी चपटी. गवताच्या जुडीचं वेटोळं आणि त्यावर युक्का नावाच्या वाळवंटी झुडपाच्या पातीचे टाके. त्यातला काळा रंग म्हणे सूर्यफुलाच्या बियांचा. पाती ओली करूनच विणतात, सुकली की तुटते. शेवटचं टोक तिने मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. मला ते लोंबणारं गवत बघवेना, म्हणून आणली त्याच आठवड्यात कात्रीने कापून टाकलं.

फोन ठेवला आणि सहज पाहिलं, तर टोक पुन्हा लोंबतंय. आणि बटण? परवापर्यंत पूर्ण दिसायचं, आज अर्धं परडीखाली गेलेलं. खिळा सरकला असेल का? पण खिळा आहे तिथेच आहे.

ह्यांना दाखवलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "रोज पाणी घालत असशील."

मी कशाला पाणी घालू? या उन्हात कुंड्यांतली माती भेगाळलीय.

अंधार पडला तशी दिवा लावायला उठले. बटण दिसेचना. चाचपत परडीखाली हात घातला.

कडेचे टाके ओले होते.