भासऱ्याचा मान

खैरलांजी, ५ नोव्हेंबर २०२४

चि. दीपिकास आजीचे अ. आ.

फोनात मले नीट आयकू येत नाही, म्हणून लिवून राह्यली. चवथीचं अक्षर आहे, हसू नको. तुले बालाघाटच्या आश्रमात नोकरी लागली, मी साऱ्या मोहल्ल्यात गूळ वाटला. शालिकरामची बायको म्हणे, आंधळ्या-पांगळ्यांची सेवा म्हणजे पुण्य. मी म्हटलं, आमच्या घरचं वळणच आहे ते. तुझे मोठे आजोबा, माझे भासरे, आंधळे झाले तवापासून त्यांचं मीच करून राह्यली. नवऱ्याच्या मोठ्या भावाशी सुनेनं बोलू नये. मधात बोलणारे तुझे आजोबा गेले, घरात दोघंच उरलो, तरी तीन वर्षं एक शब्द नाही. ताट ठेवायचं, बांगडीनं दोनदा वाजवायचं, सरकायचं. तूही तोंड कमी चालव, हात जास्त.

पर आठ दिवस झाले, ते जेवत नाहीत. डॉक्टर म्हणे बिमारी काही नाही. मले भेव वाटते.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी शेवंताबाई

बालाघाट, ११ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

तुझं आयकलं अन् फसली. इथं प्रेमलाल काका आहेत, त्यांना दिसत नाही. मी न बोलता ताट ठेवलं, चमच्यानं वाजवलं. त्यांनी ताट लोटलं, म्हणाले, असं कुत्र्याले बोलावतात. पुष्पलता मॅडमनं बाजूला नेऊन समजावलं, की आधी आपलं नाव सांगायचं, ताटात काय कुठं ते सांगायचं, हात लावायच्या आधी विचारायचं. मी माफी मागितली. काका म्हणाले, तोंड असून मुकी काहून झालतीस.

आजी, मोठ्या आजोबांशी बोल. लोक काही म्हणोत.

आहे तसाच जीव लावत जा.
तुझी दीपिका

खैरलांजी, १६ नोव्हेंबर

चि. दीपिकास अ. आ.

पत्र वाचून पहिले रागच आला. मग दोन दिवस लाजेत गेले. आज पदर घेतला, ताटाजवळ बसली अन् म्हटलं, मी शेवंता, उजवीकडे भात आहे, डावीकडे लाखोरीचं वरण, खाता काय. त्यांनी आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, तुझा राग गेला काय. मी म्हटलं, कायचा राग. ते म्हणे, भाऊ गेला अन् मी मागं राह्यलो, त्याचा. तीन वर्षं हेच समजून बसलतो.

पोरी, मी तर मान राखून राह्यलती.

दोन घास खाल्ले. तिसऱ्याले तोंड फिरवलं. डॉक्टर पुन्हा आलते, म्हणे आता अंगात काही उरलं नाही. मी उठली नाही. धान कापलं काय, गाय व्याली काय, पाटाले पाणी आहे काय, सारं ते मले पुसून राह्यले, मी सांगून राह्यली. माझा आवाज बसला. ते डोळे मिटून म्हणतात, आणखी सांग.

लोभ ठेव, अन् सुट्टी काढून लवकर ये.
आजी